कादंबरीतली लाइन आणि सिनेमातली दंगल

“यात हिरो कोण आहे?” भोलाशेठने विचारलं.

मी म्हटलं, “हिरो नाही.”

“मग मरतो कोण?”

“कोणीच मरत नाही.”

भोलाशेठने चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, हिरो नहीं, कोई मरता नहीं, मग पब्लिक तिकीट कशाचं काढणार?”

आम्ही गोंदियात त्यांच्या राईस मिलच्या वरच्या ऑफिसात बसलो होतो. खाली मिल सुरू होती, त्यामुळे खुर्ची, टेबल आणि माझा आवाज असे तिन्ही थरथरत होते. मी नॅरेशन देत होते. नॅरेशन म्हणजे लेखकाने निर्मात्यासमोर बसून सगळी गोष्ट तोंडाने सांगायची. निर्माते वाचत नाहीत. त्यांना गोष्ट ऐकायची असते, तीही फोन घेत घेत. माझ्या शेजारी आदित्य बसला होता. तो दिग्दर्शक, पुण्याचा, पहिलाच मोठा सिनेमा. नॅरेशन सुरू असताना तो डोळे मिटून मान हलवत होता. दिग्दर्शक असे डोळे मिटतात तेव्हा ते गोष्ट ऐकत नसतात, कॅमेरा कुठे लावायचा ते बघत असतात.

मी पटकथा लिहिते. राहते गोंदियाजवळ कुडव्याला. सुरुवात झाडीपट्टीच्या नाटकांपासून केली, मग मुंबईत मालिका लिहिल्या, मग पाठीच्या मणक्याने सांगितलं की घरी चल. आता घरूनच लिहिते. माझं मुख्य काम अॅडॅप्टेशनचं आहे, म्हणजे कादंबरीचा सिनेमा करून देणं. लोकांना वाटतं, कादंबरीत सगळं तयारच असतं, नुसतं उतरवून काढायचं. तसं नसतं. कादंबरीत माणूस विचार करतो. सिनेमात विचार दिसत नाही, म्हणून त्याला खिडकीशी उभं करावं लागतं आणि मागे बासरी वाजवावी लागते.

ज्या कादंबरीबद्दल बोलणं चाललं होतं तिचं नाव ‘आपला नंबर’. लेखिका कुसुमताई कापगते. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या भागात एका तलावाच्या गावी राहतात. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर हे एकच पुस्तक लिहिलं. गोष्ट पुढच्या काळातल्या एका जिल्ह्याची आहे. तिथे दुष्काळ नाही. तलाव भरलेले आहेत. फक्त पाणी वाटण्यासाठी एक ‘मंडळ’ नेमलं आहे. मंडळ कोणाला मारत नाही, कोंडत नाही. ते प्रत्येकाला एक नंबर देतं आणि भोंग्यावरून गोड आवाजात सांगतं की आपला नंबर लवकरच येईल, सहकार्याबद्दल आभार. मंडळाला कोणी पाहिलेलं नाही. शेवटच्या पानावर तलाव काठोकाठ आहे, दार उघडं आहे, पहारेकरी केव्हाच नोकरी सोडून गेला आहे, आणि लोक रांगेत उभे आहेत. एक माणूस फावडं घेऊन येतो, “शेवटचा कोण?” असं विचारतो आणि त्याच्या मागे उभा राहतो. पुस्तक तिथे संपतं.

मी ते वाचलं आणि माझं जेवण राहिलं. अशा कादंबऱ्यांना, म्हणजे उद्याचं बिघडलेलं जग दाखवणाऱ्यांना, डिस्टोपियन म्हणतात. हा शब्द मी कुसुमताईंना सांगितला, तर त्या म्हणाल्या, “असंन बापा. मी तं आपल्या ऑफिसचं लिवलं.”

त्यांच्याकडून हक्क मीच मिळवले होते, त्यामुळे शब्दही मीच दिलेला होता. त्यांच्या ओसरीवर बसून बोलणं झालं. गावाचा तलाव समोरच. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायचं एक दार असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. त्या गावचं तुडूम फुटून गळत होतं. दुरुस्तीचा अर्ज कचेरीत पडलेला होता. दरवर्षी गावातले चार जण कचेरीत जायचे, केव्हा होईल विचारायचे, ‘तुमचा नंबर आला की कळवू’ हे ऐकायचे आणि साहेबांचे आभार मानून परत यायचे.

“सिनेमात गाणी टाक, बाया टाक, नाव बदल,” कुसुमताई म्हणाल्या, “शेवटचं पान बदलू नको. पुस्तक आमच्या गावात कोनी वाचलं नाई. सत्कार केला, नारळ देल्ला अन पुस्तक देवाच्या फळीवर ठेवलं. सिनेमा तं पाहतीन. त्याइनं सोताले पाहाव म्हनून देतो मी हे.”

मी हो म्हटलं. त्यांना पैशाची पडली नव्हती, नावाचीही नाही. गावाने एकदा स्वतःकडे पाहावं एवढीच इच्छा होती, आणि ती सगळी शेवटच्या पानावर टांगलेली होती.

आता अशा कादंबऱ्यांचे सिनेमे कसे होतात ते सांगते, कारण मी त्यात हात काळे केलेले आहेत. याआधी मी अशा दोन कादंबऱ्या सिनेमात घातल्या होत्या. एकीत सरकार लोकांचे शब्द हळूहळू काढून घेतं आणि शेवटी नायकाला स्वतःचं दुःख सांगायलाही शब्द उरत नाही. त्या सिनेमात नायक शेवटी बाराजणांना लाथांनी लोळवतो. शब्द नाहीत ना, मग लाथा, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. दुसरीत प्रत्येक घरात एक डोळा बसवलेला असतो आणि माणसं हळूहळू डोळ्यासमोरच चांगली वागू लागतात. तिचा शेवट लग्नाने झाला. डोळ्यानेसुद्धा अक्षता टाकल्या.

कादंबरीतली सत्ता सौम्य असते, सिनेमातली ओरडते. कादंबरीत ती दिसत नाही. सिनेमात दिसावीच लागते, कारण त्या भूमिकेसाठी मोठा नट घेतलेला असतो आणि तो काळा कोट शिवून बसलेला असतो. कादंबरीतला जुलूम तुमच्या-आमच्या घरासारख्याच घरात, ट्यूबलाइटखाली होतो. सिनेमात तो करड्या उजेडात होतो, आणि का कोण जाणे, तिथल्या सगळ्या बायकांनी केस कापलेले असतात. हे सगळं चालवून घेता येतं. खरा घोटाळा शेवटाला होतो. कादंबरी वाचून माणूस विचारतो, अरे, हा मीच तर नाही? सिनेमा त्याला सांगतो, छे, तू तर तो बुलडोझरवर चढलेला. माणूस खूश होऊन घरी जातो आणि गाढ झोपतो.

तर भोलाशेठच्या ऑफिसात मी पहिला खर्डा वाचला, तो कादंबरीला धरून होता. शेठ म्हणाले, “बढिया. बस, एक हिरो डालो.” दुसऱ्या खर्ड्यात हिरो आला. हिरो आला म्हणून व्हिलन आला. व्हिलन आला म्हणून त्याला राहायला जागा लागली आणि शेठनी आपली नवी मिल दिली. मंडळाचं मुख्यालय राईस मिल झालं. आदित्यला तिथे कोंड्याच्या राखेचा ढीग दिसला आणि तो वेडाच झाला. भविष्यकाळात हवेत राख उडत असणार, हे त्याने जागच्या जागी ठरवलं. पुढे शूटिंगचे पहिले दिवस भविष्यकाळ सतत शिंकत होता. व्हिलनने शिंका आवरत म्हटलेले संवाद नंतर मुंबईत पुन्हा रेकॉर्ड करावे लागले.

सिनेमाचं नावही बदललं. ‘थेंबाथेंबाचा बदला’. नाव बदलायची परवानगी होती.

तिसऱ्या खर्ड्याला शेठनी शेवटाला हात घातला. त्यांना दंगल हवी होती. हिरो हाक देतो, जनता तुटून पडते, दार फुटतं, पाणी उसळतं. मी म्हटलं, मी शब्द दिला आहे. शेठ म्हणाले, करारात काय आहे? करारात ‘निर्मात्यास योग्य वाटतील ते बदल’ असं होतं. सगळ्याच करारात असतं.

“शेठ, ती लाइनच ही गोष्ट आहे,” मी म्हटलं.

“मॅडम, लाइन बघायला लोक थेटरला कशाला येतील? बँकेत बघतात ना रोज.”

मी मदतीसाठी आदित्यकडे पाहिलं, तर त्याचे डोळे मिटलेले.

मी कुसुमताईंना जाऊन सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर त्यांना पडद्यावर कळलं असतं, ते जास्त वाईट. त्यांनी तलावाकडे पाहिलं. मग म्हणाल्या की शूटिंग त्यांच्याच गावात करा, तलावावर, आणि गर्दीत गावचीच माणसं घ्या. मला वाटलं, म्हातारीने तडजोड केली. शेठ तर भलतेच खूश झाले. खरा तलाव, खरी माणसं, आणि कोणाला शहरातून आणायची कटकट नाही.

दिवाळीच्या सुमारास तलावावरचं शूटिंग लागलं. तलाव भरलेला होता. आर्ट डिपार्टमेंटने खऱ्या तुडुमाच्या बाजूला थर्माकोल आणि प्लायचं एक भलंमोठं दार उभं केलं, लोखंडी दिसेल असं रंगवलं, त्यावर कवटीचं चिन्ह काढलं. मंडळाचं चिन्ह कवटी कशाला असेल, हे कोणी कोणाला विचारलं नाही. गावातले बाप्ये-बाया फावडी, टिकाव घेऊन जमले. कुसुमताईंना मॉनिटरजवळ प्लास्टिकची खुर्ची दिली. मॉनिटर म्हणजे कॅमेरा जे पाहतो ते दाखवणारा छोटा टीव्ही. सेटवरचे सगळे महत्त्वाचे लोक त्याच्यामागे उभे राहतात, आणि ज्यांना महत्त्वाचं व्हायचं असतं तेही.

गर्दीला सीन समजावून सांगायचं काम आदित्यच्या सहायिकेचं. मुलगी हुशार होती. उगाच क्रांतीबिंतीच्या गोष्टी न सांगता तिने सोपं करून सांगितलं, की पाणी सुटणार आहे आणि तुम्ही आपापल्या वावरासाठी पाणी घ्यायला आला आहात. हिरोने हात वर केला की धावा.

घोटाळा इथे झाला. पण तो कळायला पहिला टेक जावा लागला.

हिरोने हात वर केला. सगळे धावले. धूळ उडाली, चांगलं दिसलं. आणि दाराच्या थोडं अलीकडे आल्यावर धावणं मंदावलं. माणसं इकडची तिकडे झाली, एकमेकांना वाट देऊ लागली, दोघं-तिघं मागे सरकले, एकाने दुसऱ्याचा दंड धरून त्याला पुढे केलं. बघता बघता तिथे एक सरळ लाइन लागली. हिरो हात वर करून तसाच उभा.

“कट,” आदित्य म्हणाला. तो भोंगा घेऊन पुढे गेला. लाइनीत बऱ्याच मागे बळीरामकाका उभे होते. गावातले जुने शेतकरी, सगळ्यात दणकट, म्हणून आदित्यने त्यांना मुद्दाम हिरोच्या शेजारी ठेवलं होतं.

“काका, तुम्ही मागे का गेलात?”

“माहं वावर पाळीले लागूनच हाय ना, साहेब. तिकडं टोकावरच्याइचं झाल्यावर माहा नंबर. मी पयले घुसलो तं गाव काय म्हनंन?”

तिकडच्या तलावांचा हा जुना रिवाज आहे. ज्याचं शेत सर्वांत लांब, त्याला पाणी आधी. तलावाजवळचा शेवटी. जवळच्याला आधी दिलं तर लांबच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही, म्हणून कधीतरी कोणी शहाण्याने हे ठरवलं आणि गाव ते पाळत आलं. सहायिकेने ‘पाणी घ्यायला आला आहात’ म्हटल्यावर ते पाणी घ्यायला आले. कसं घ्यायचं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

“काका, हे खोटं पाणी आहे,” आदित्य म्हणाला.

“पानी खोटं असंन. गाव तं खरंच हाय.”

दुसऱ्या टेकच्या आधी आदित्यने सगळ्यांना राग आणायला सांगितला. तुमच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झालाय, डोळ्यात आग दिसली पाहिजे. लोकांनी मन लावून काम केलं. धावत आले, डोळे वटारले, आणि रागारागाने लाइनीत उभे राहिले. मॉनिटरमागे उभे असलेले शेठ म्हणाले, “ये क्या नौटंकी है?”

तिसऱ्या टेकला वारा सुटला. गर्दी धावत येत असतानाच थर्माकोलचं दार डुगडुगलं आणि आडवं झालं. मागे तलावाचं पाणी लखलखत होतं. कॅमेरा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. लोकांनी दार पडताना पाहिलं, अंगावर येऊ नये म्हणून दोन पावलं मागे सरले, आणि पुन्हा आपापल्या जागी नीट उभे राहिले. तेवढ्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटायला झाडाखाली बसलेला एक जण धावत आला आणि त्याने विचारलं, “शेवटचा कोन हाय गा?”

कुसुमताई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. माझा हात त्यांनी एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यांनी पुस्तकात लिहिलेलं वाक्य त्या माणसाने वाचलेलं नव्हतं, ते मला माहीत होतं.

“हे लिवलं तं लोक म्हनत, बाई खोटं लिवते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, पण ही लाइन किती चांगली आहे, तुम्ही तर तिला वाईट दाखवलंय. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्या कचेरीत चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे पाहत असतील.

“लाइन वाईट नाई, वनिता. लाइन होती म्हनून आमच्या गावात पान्यापाई कधी डोस्कं नाई फुटलं. माह्या पुस्तकातल्या मंडळानं हेच तं पाहलं. ज्या गावाले लाइनीत उभं राहाची सवय हाय, त्या गावाले मारा कायले लागते? निस्ता नंबर देऊन द्याचा.”

मी ती कादंबरी चार वेळा वाचली होती, तिचे तीन खर्डे लिहिले होते. हे मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शेठकडे गेले. म्हटलं, हाच शेवट घ्या, आपोआप मिळालाय, असा पुन्हा मिळणार नाही. आदित्यने डोळे उघडून मला साथ दिली. फेस्टिव्हलवाल्यांना हे फार आवडेल असं तो म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं. फेस्टिव्हल हा शब्द ऐकला की शेठना रिकाम्या खुर्च्या दिसतात. दुसऱ्या दिवशी गोंदियाहून दोन बसा भरून पोरं आली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पुन्हा उभं केलेलं दार फोडलं, दार धरून ठेवणारे बांबू फोडले, एक दिवा फोडला, आणि आदित्यने कट म्हटल्यावरही बळीरामकाकांच्या वांग्याच्या वाडीतून जाऊन आली. शेठ म्हणाले, “इसको बोलते हैं पब्लिक.”

कुसुमताई त्या दिवशी तलावावर आल्या नाहीत.

सिनेमा तयार झाला. पहिला खेळ त्याच गावात करायचा, ही शेठची कल्पना. गावाचा आशीर्वादही मिळेल आणि पेपरात फोटोही येईल. शाळेच्या मैदानावर पडदा बांधला, अंधार पडल्यावर खेळ सुरू झाला. सगळं गाव आलं होतं, कारण सगळं गाव सिनेमात होतं. लेकी सासरहून आल्या होत्या. बळीरामकाका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. कुसुमताई एका कडेला, माझ्याजवळ.

राख उडाली, व्हिलन ओरडला, हिरोईनचे कापलेले केस वाऱ्यावर उडाले. लोकांनी मन लावून पाहिलं. मग तलाव आला. मैदानात कुजबुज झाली, पोरं उभी राहिली. हिरोने हात वर केला आणि पडद्यावर गर्दी धावत आली.

गर्दीत गावचं कोणीच नव्हतं.

गोंदियाची पोरं दारावर तुटून पडली, पाणी उसळलं, संगीत टिपेला गेलं. मैदानात एक शिट्टी वाजली नाही. बळीरामकाका उठले आणि थेट प्रोजेक्टरच्या उजेडात येऊन उभे राहिले. पडद्यावर हिरोच्या छातीवर त्यांची सावली पडली.

“हे कोन हायत?” त्यांनी विचारलं.

शेठ पुढे आले. “काका, सिनेमा है.”

“सिनेमा असंन. तलाव आमचा हाय. आमच्या तलावावर येऊन हे दार फोडून राहिले, अन आमी का घरी झोपलो होतो? आमी उभे होतो तिथं. ते दाखवा.”

त्यांच्यामागे आणखी माणसं उठली. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हात लावला नाही. ती नुसती प्रोजेक्टरभोवती उभी राहिली आणि हलेनात. त्या गावाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी म्हणणं ऐकायला नकार दिला होता, आणि तो कशासाठी, तर आपण लाइनीत उभे होतो हे दाखवण्यासाठी. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी आदित्यकडे पाहिलं. आदित्यने बॅगेतून हार्ड डिस्क काढली. टाकून दिलेले टेक त्याने स्वतःसाठी जोडून ठेवले होते. दिग्दर्शक चोरासारखे अशा गोष्टी जपून ठेवतात, ते एका परीने बरंच असतं.

पहिला टेक सुरू झाला आणि मैदान हसायला लागलं. एकमेकांना नावानिशी दाखवणं सुरू झालं. हा पाहा पोट आत घेऊन कसा उभा, ती पाहा पदर सावरते. दुसऱ्या टेकला, रागावलेल्या लाइनीला, तर लोक लोळायचे बाकी राहिले. बळीरामकाकासुद्धा हसले. मग तिसरा टेक आला. दार आडवं झालं, मागे पाणी दिसलं. लोक हसतच होते. पडद्यावरची लाइन दोन पावलं मागे गेली, पुन्हा जागेवर आली आणि तशीच उभी राहिली. आदित्यने तो टेक कुठेही तोडला नव्हता. तो चालतच राहिला. हसू एकेका कोपऱ्यातून विझत गेलं.

मागून एका बाईचा आवाज आला. “अवं, दार तं पडलं ना. मंग हे उभे काऊन हायत?”

पडद्यावर जे उभे होते तेच प्रोजेक्टरभोवती उभे होते. मी कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी गाव उठलं, कचेरीवर चालून गेलं, तुडूम दुरुस्त झालं. नाही. तो सिनेमा झाला. लोक गुपचूप घरी गेले. आशीर्वादाचा फोटो काढायचा राहिला.

शेठ मात्र विचारात पडले होते. ते व्यापारी आहेत, गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना वाचता येतो. मिलमध्ये बोलावून म्हणाले की दंगल काढणार नाही, ती राहील. पण ती लाइन शेवटी नावं येतात त्याच्या मागे टाका. मी म्हटलं, शेठ, नावं यायला लागली की लोक उठून जातात. ते म्हणाले, “तो जाएँ. तिकीट तो ले चुके.”

अशा रीतीने कादंबरीचं शेवटचं पान श्रेयनामावलीखाली गेलं. गोंदियाच्या थेटरात मी कुसुमताईंना घेऊन गेले. दंगलीला शिट्ट्या पडल्या, पाणी उसळलं, दिवे लागले. माणसं उठली, पोरांच्या चपला शोधू लागली, बाहेरचे दरवाजे उघडले गेले. पडद्यावर प्रकाश व्यवस्था, वेशभूषा, रंगभूषा अशी नावं वर सरकत होती आणि त्यांच्या मागे बळीरामकाका आणि सगळं गाव पडलेल्या दारासमोर उभं होतं.

“कचेरीत गेले होते आमचे लोक,” कुसुमताई पडद्याकडे पाहत म्हणाल्या. “दरसाल विचारत, केव्हा. औंदा विचारलं, काऊन. काऊन थांबाचं आमी?”

“मग या ‘का’वर साहेब काय म्हणाले?”

“साहेबाले काही सांगता नाई आलं. दरसालचं उत्तर ‘केव्हा’चं होतं, ‘काऊन’चं नव्हतं. मंग आमचे लोक बसले तिथंच. अजून बसून हायत.”

आमच्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं जायला निघालं होतं. बाई वाटेत थांबली. नवरा दोन पायऱ्या उतरून परत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी शेवटपर्यंत, अगदी आभाराची पाटी येईपर्यंत, पाहिलं. कुसुमताईंनी मला कोपराने ढोसलं. “दोन झाले,” त्या म्हणाल्या. “माह्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापावतर इतके तरी पोचले का नाई, देव जाने.”

तेव्हापासून मी निर्मात्यांशी शेवटावरून भांडत नाही. दंगल हवी तर दंगल घ्या म्हणते, लग्न हवं तर लग्न घ्या. फक्त शेवटची नावं सावकाश येऊ द्या, एवढं मात्र करारात लिहून घेते.